कयाक परवडेल, पण ठेवणार कुठे?

प्रश्न : मी बोरिवली पश्चिमेला राहतो, वय ४१. हातात पगार ९२,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च ३८,००० आणि मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी १२,०००. एकच एफडी आहे, १,६०,००० ची. मित्राने मासे गरवायला नवी सिट-ऑन-टॉप कयाक (वर बसून वल्हवायची छोटी होडी) घेतली, ती गोराई खाडीत चालवून पाहिली आणि मी वेडाच झालो. दोन शिंगाळे आणि एक तांबोशी लागली. तशीच १२ फुटी कयाक खुर्ची-वल्ह्यासकट ७८,००० ला मिळते आहे. एफडी मोडू, की १८ महिन्यांचा ईएमआय करू? (गरज पडल्यास एसआयपी काही महिने थांबवायची तयारी आहे.) पत्नी म्हणते, आधी ठेवायची कुठे ते सांगा. मी म्हणतो, निदान मासळीचा खर्च तरी वाचेल.

उत्तर : मासळीचा खर्च वाचेल हे कारण आधी बाजूला ठेवू. बाजारात कोळीणीशी घासाघीस करून घेतलेला जिताडाही तुम्ही गरवलेल्या शिंगाळ्यापेक्षा स्वस्तच पडेल. छंद म्हणून घ्यायची असेल तर छंद म्हणूनच हिशेब करू. त्यात कमीपणा काही नाही.

पत्रातला सगळ्यात चांगला आर्थिक प्रश्न तुमच्या पत्नीने विचारला आहे. बारा फूट म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. ती लिफ्टमध्ये मावणार नाही, जिन्याच्या वळणावर अडकेल आणि सोसायटीच्या स्टिल्टमध्ये ठेवली तर पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर तुमचंच नाव असेल. या कयाक जाड पॉलिएथिलीनच्या असतात, वजन तीसेक किलो सहज भरतं. पेडलवाली घेतलीत तर आणखी जड. दर रविवारी ती गाडीच्या टपावर चढवायची तर कॅरिअर हवा, दुसरा माणूस हवा आणि छोट्या गाडीच्या टपाला किती वजन चालतं तेही पुस्तिकेत पाहायला हवं. म्हणजे शेवटी खाडीकाठी कुणाच्या तरी आवारात भाड्याने जागा. महिना १,५०० धरा. वर्षाचे १८,००० झाले, आणि ते पावसाळ्यातही जातात.

आता वापर. ३५ रविवार, असं तुमच्या डोक्यात असणार. ऑक्टोबर ते मे या काळात तेवढे रविवार येतात हे खरं. जून-जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, वल्ह्याच्या होडीला ती लागू नाही. पण त्या दिवसांतला समुद्र होडी कसली आहे ते बघत नाही, तेव्हा पावसाळ्याचे चारही महिने हिशेबातून काढूनच टाका.

उरलेल्या ३५ मधले सगळे कामाचे नाहीत. खाडीत ओहोटीला काठावर गुडघाभर चिखल असतो. कयाक सुखाने पाण्यात घालायची नि काढायची तर भरती सकाळी हवी, दुपारचं पश्चिमेचं वारं सुटायच्या आत. जुना हिशेब तुम्हाला मित्राकडून कळला असेलच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. नवमीला पावणेसात आणि चतुर्दशीला साडेदहा. म्हणजे पंधरवड्यातल्या नवमी ते चतुर्दशी या सहा तिथ्या तुमच्या सोयीच्या. द्वितीया-तृतीयेला सकाळी आठला गेलात तर समोर चिखलच दिसेल. (नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघायची, खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं.) पंधरापैकी सहा या प्रमाणात ३५ रविवारांचे उरले १४. त्यातून लग्नं, मुलीच्या परीक्षा, जोराचं वारं आणि निव्वळ आळस वजा करा. नऊ धरतो, तेही उदारपणे.

मग एका फेरीला काय पडतं? ७८,००० वर लाइफ जॅकेट, जादा वल्हं, नांगर, कोरडी पिशवी, शिट्टी, वल्ह्याची दोरी असं बारीकसारीक १२,००० धरा, एकूण ९०,०००. पाच वर्षांनी ३०,००० ला विकली गेली तर वर्षाची घट १२,०००. जागेचे १८,०००. आमिष, गळ, येणंजाणं ६,०००. वर्षाला ३६,०००, भागिले नऊ, म्हणजे फेरीला ४,०००. चौदाही रविवार गाठलेत तरी अडीच हजारांच्या वरच. आणि आकडे नीट बघा, कयाकपेक्षा तिची जागा महाग आहे. म्हणून विक्रेत्याशी पाच हजारांसाठी भांडण्यापेक्षा जागेचा खर्च कुणाबरोबर तरी वाटून घ्या, फरक तिथे पडेल.

एफडी मोडू नका. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून ७२,००० होतो, म्हणजे ती एफडी सव्वादोन महिन्यांची शिदोरी आहे. नोकरी गेली तर बँक हप्ता मागायला येते, छंद विचारत नाही. ईएमआयचं म्हणाल तर ७८,००० वर १६ टक्के दराने १८ महिने महिना सुमारे ४,९०० बसतो आणि व्याज दहा हजारांवर जातं. कार्डावरचा ईएमआय असेल तर व्याजावर जीएसटी वेगळा. ‘नो-कॉस्ट’ म्हणाले तर रोखीने घेतल्यास किती सूट देता, एवढंच विचारा. अठरा महिन्यांत निदान एक पावसाळा येणारच, तेव्हा कयाक उपडी पडलेली आणि हप्ता मात्र चालू. एसआयपी थांबवण्याचं तुम्ही कंसात लिहिलंय, ते मी वाचलं नाही असं समजा.

तुमच्याकडे महिन्याला ८,००० उरतात. त्यातले ४,००० लिक्विड फंडात (गरजेला लगेच काढता येणारा म्युच्युअल फंड), राखीव रक्कम निदान चार महिन्यांच्या खर्चाइतकी होईपर्यंत. वार्षिक बोनस मिळत असेल तर आधी तिकडेच. उरलेल्या ४,००० ची एक वर्षाची आरडी, फक्त कयाकसाठी. साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळालं तर वर्षाअखेर ४९,००० हून जास्त हाती येतात.

तोवर मित्राच्या जागाभाड्याचा अर्धा वाटा उचला आणि त्याची कयाक वापरा. अडचण एकच, त्याचा रविवार आणि तुमचा रविवार एकच, भरतीही एकच. तुम्हाला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असेल तर ते तुम्ही घ्या. एकट्याने मात्र जाऊ नका. त्याच्याबरोबर सोबतीला जायचं तर एखाद्या वेळी दुसरी कयाक भाड्याने घ्या. भाडं दोन हजार पडलं तरी ते वरच्या चार हजारांच्या निम्मं आहे.

आणि या वर्षात तिची खरी परीक्षा घ्या. तासभर वल्हवून माणूस प्रेमात पडतोच. चार तास बसून पाठ काय म्हणते ते बघा. आडवा गळ टाकताना तोल कसा राहतो ते बघा. जाणकार सोबत असताना, जॅकेट घालून, खोल पाण्यात मुद्दाम उलटा आणि परत वर चढा. या प्रकारात वर चढता येतं, तळाच्या भोकांतून पाणी आपोआप निघून जातं, म्हणूनच तर ती नवख्यांना सांगतात. न जमलं तर ७८,००० वाचले.

जाता जाता, वैयक्तिक अपघात विमा असेल तर वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ बसत नाहीत. फोन जलरोधक पिशवीत ठेवा, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक असू द्या. ओळखपत्र जवळ ठेवा, आणि कुणाच्या जाळ्यावरून वल्हं मारू नका. फाटलेल्या जाळ्याची भरपाई वरच्या हिशेबात मी धरलेली नाही.

वर्षाने तरीही हवीच असेल तर मेअखेरीला वापरलेली शोधा. पावसाळ्याच्या तोंडावर विकणाऱ्यालाही ठेवायचा प्रश्न असतो, भाव पडतो. तळ हाताने चाचपून बघा, फरपटत नेलेल्या कयाकचा मागचा भाग झिजलेला असतो. पाण्याच्या भोकांभोवती तडे आहेत का बघा. उन्हात पडून रंग पांढुरका पडला असेल तर सोडून द्या. मित्र भागीदार होणार असेल तर कोण किती पैसे देणार, दुरुस्ती कुणाची आणि एकाला बाहेर पडायचं झाल्यास किंमत कशी ठरवायची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. आणि मूळ खरेदीची पावती मागून घ्या.