तिंबलेला धातू वाहतो का?

प्रश्न असा आहे: ‘फ्रिक्शन स्टर वेल्डिंगच्या संगणकी प्रतिमानावरील प्रबंधाचा मराठी गोषवारा लिहितो आहे. “घर्षण-विलोडन संधान” चालेल का? आणि धातू वितळतच नसेल, तर “धातूचा प्रवाह” कसं म्हणायचं?’

‘विलोडन’ चूक नाही, पण वर्कशॉपमध्ये म्हणून बघा, लोक पोथी सुरू झाली समजतील. नाव आहे तसंच ठेवा. या रीतीत फिरतं अवजार दोन धातूच्या तुकड्यांच्या सांध्यात दाबून पुढे सरकवतात आणि तुकडे जोडले जातात. अडचण आहे ती ‘स्टर’ला क्रियापद देण्याची.

ढवळायला काहीतरी पातळ लागतं, कढी किंवा चुना. (शिवाय ‘घर्षण-ढवळ’ म्हटलं की ढवळाढवळच आठवते.) घुसळताना रवी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते, इथे अवजार एकाच दिशेने फिरतं. १९९१ साली केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग-संशोधन संस्थेत ही रीत निघाली, ती धातू न वितळवता सांधण्यासाठीच. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. सांध्यात तापमान साधारण ४०० ते ५००च्या घरात असतं. अवजाराचा रुंद खांदा वरून दाबून घासतो, बरीचशी उष्णता त्यातूनच येते. खालची खुंटी मऊ पडलेला धातू पुढून मागे नेते. पोळ्यांची कणीक तिंबताना तळहात काय वेगळं करतो? म्हणून माझं मत ‘तिंबणे’ला. ‘मळणे’ही चालेल, पण त्याला मळके कपडे आणि खळ्यावरची मळणी चिकटलेली आहे.

‘प्रवाह’ मात्र राहू द्या. द्रवगतिकीच्या, म्हणजे द्रव कसे वाहतात याच्या, प्रतिमानांत या घन धातूला खरोखरच द्रव धरतात, फक्त अतिशय दाट. त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, पाण्याच्या कोट्यवधी पट असते, ती तापमान आणि विरूपणाचा (आकार बदलण्याचा) वेग यांवर ठरते. एका मर्यादेपलीकडे गेली की तिथला धातू जागचा हलत नाही असं मानतात. म्हणजे कारखान्यात धातू तिंबला जातो, संगणकात तो वाहतो. गोषवाऱ्यात दोन्ही क्रियापदं आपापल्या जागी येऊ द्या.

जाता जाता: खुंटीच्या ज्या बाजूला फिरण्याची आणि पुढे सरकण्याची दिशा एकच असते तिला ‘पुरोगामी’ आणि समोरचीला ‘प्रतिगामी’ लिहू नका, नाहीतर वाचक सांध्यात राजकारण शोधेल. ‘चालीची बाजू’ आणि ‘उलटी बाजू’ पुरे.