भेगेवर पेन्सिलीची रेघ

प्रश्न : नमस्कार ताई. मी गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात नोकरीला आहे. वय ४१. आजवर क्वार्टरमध्येच राहिलो. आता मुलांच्या शाळेसाठी चंद्रपुरात घर घ्यायचं आहे. फ्लॅट नको; आईला अंगण पाहिजे. तिला दमा आहे. बाबूपेठच्या पुढे, जुन्या कोळसा खाणीच्या बाजूला एक घर पाहिलं. प्लॉट १,८०० चौरस फूट, बांधकाम १,१०० फूट, १९९४ चं, विटांच्या भिंतींवर स्लॅब. मागे विहीर आणि कडुलिंब. मालक खाणीतून निवृत्त झालेले, मुलं पुण्याला. ५८ लाख सांगतात. दिवाळीत घराला नवा रंगही दिला आहे. बँकेने व्हॅल्युएशन करून कर्जाला होकार दिला. मालक म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, एक लाख टोकन द्या. देऊ का?

उत्तर : नका देऊ भाऊ. निदान या महिन्यात तरी नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली, ती नव्या रंगाची. तुम्ही ती कौतुकाने लिहिली आहे. मी सव्वीस वर्षं बँकांसाठी घरांची व्हॅल्युएशन केली, आणि अशाच एका रंगाने मला तोंडघशी पाडलं होतं. मार्च महिना होता. भिंती फिकट पिवळ्या, इतक्या गुळगुळीत की मी कौतुकाने हात फिरवला. अर्ध्या तासात टेप लावून, फोटो काढून निघाले आणि रात्री अहवाल लिहून टाकला. ऑगस्टमध्ये त्या घरच्या बाईंचा फोन आला. जाऊन पाहते तर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट स्लॅबपर्यंत तिरपी भेग, रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी. जुनीच होती, पुट्टी भरून वर रंग मारला होता. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट चहा ठेवला. तो चहा काही घशाखाली उतरेना.

तेव्हा बँकेने होकार दिला म्हणजे घर धडधाकट, असं समजू नका. उद्या तुमचे हप्ते थकले तर घर विकून पैसे निघतील का, एवढंच बँक बघते. त्या फॉर्ममध्ये जमिनीखाली काय आहे असा रकाना मी तरी कधी पाहिला नाही.

आणि चंद्रपुरात पहिला प्रश्न तोच असतो. लालपेठ, महाकाली, रय्यतवारी, दुर्गापूर ही खाणींची नावं आपण वस्त्यांची म्हणूनच घेतो, इतक्या त्या शहराला खेटून आहेत. भूमिगत खाणीत कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच खांब ठेवतात, वरचा भार ते पेलतात. पुढे तेही खांब काढले आणि पोकळीत रेती नीट भरली गेली नाही, की वरची जमीन बसते. ती कधी बसेल ते कुणाला विचारून नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. माणसं आधी बाहेर पडली होती म्हणून वाचली, आणि मग शेजारपाजारची घरंही रिकामी करावी लागली.

तुमचे मालक खाणीतलेच आहेत, हे एका परीने बरं. त्यांना सरळ विचारा : ‘काका, घराखाली वर्किंग आहे का?’ वर्किंग म्हणजे खाली झालेलं खाणकाम. हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. ऐकल्यावर ते तुमच्याकडे बघतात की अंगणाकडे, ते बघून ठेवा. पण तोंडी उत्तरावर थांबू नका. घराचा सर्व्हे नंबर घालून वेकोलिच्या, म्हणजे इथल्या खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा कंपनीच्या, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या : या नंबरखाली खाणकाम झालं आहे का, किती खोलीवर, खांब काढले का, रेती भरली का. खाण बंद असली तरी नकाशा असतोच. खाण सोडताना तो खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्याला ३० दिवसांची मुदत असते. ‘दुसरं गिऱ्हाईक’ तेवढ्यात घर घेऊन गेलं तर जाऊ द्या. मी ऐकलेल्या दहा दुसऱ्या गिऱ्हाइकांपैकी एखादंच खरं निघालं असेल.

अर्जाचं उत्तर येईपर्यंत घराला दोन-तीनदा भेट द्या, आणि रंगवलेल्या भिंतींकडे बघूच नका. लोक जिथे रंग मारत नाहीत तिथे जा. मागच्या भिंतीची बाहेरची बाजू, न्हाणीघर, जिन्याखालची खोली, कंपाउंड. विहिरीचा कठडा गोल आहे की एका बाजूने खचलाय, ते वाकून बघा. दारं उघडून त्यांच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. कड एका बाजूला रंधा मारून उतरती केलेली लागली, तर ती चौकट कधीतरी वाकडी झाली होती आणि सुताराने दाराला तिच्या मापाचं करून दिलं. रंगारी हे झाकत नाही. त्याच्या लक्षातच येत नाही.

भेगा दिसल्या की लगेच घाबरू नका. आपल्याकडे काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि तिच्यावरच्या जुन्या घराच्या भेगा त्याबरोबर उघडतात-मिटतात. खुल्या खाणीतल्या ब्लास्टिंगच्या भेगा बहुधा केसासारख्या, प्लास्टरपुरत्या असतात. (या हादऱ्यांना मर्यादा आहे : साध्या घरापाशी कंपनाचा वेग सेकंदाला ५ ते १५ मिलीमीटरच्या वर जाऊ नये, असं खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्येच ठरवून दिलंय. आकडा किती ते कंपनाच्या वारंवारतेवर ठरतं.) खरी भीती त्या भेगेची, जी मिटत नाही आणि नुसती वाढत जाते.

ती ओळखायची माझी पद्धत फार स्वस्त आहे. भेग जिथे संपते तिथे दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. भेगेच्या मधोमध काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची. शाळेच्या प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकाची काच उत्तम. भेग रेघेच्या पुढे गेली किंवा काच तडकली, की भिंत हलते आहे. एका घरात मी अशा सहा तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या. घरातल्या पोराने शेजारी स्वतःची उंची लिहायला सुरुवात केली. तुमच्या मालकांना विचारा, एक पावसाळा काच लावू देता का. ‘नाही’ म्हणाले तर तेवढ्यानेही बरंच कळलं.

पाण्याचं थोडक्यात सांगते. वर्धा नदीला पूर आला की इरई नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे थोपतं आणि वस्तीत शिरतं. २०२२ च्या जुलैत रहमतनगर आणि आसपास काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. बाबूपेठकडे झरपट नदीही बघायला हवी. महापालिकेत पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळीच्या आत घर असेल तर पुढचा कागद बघूच नका. विहिरीचं पाणी तपासून घ्या, फ्लोराइडसकट.

आता आई. माझ्या लेखी हा मुद्दा किमतीच्याही आधीचा. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथं आलं होतं. एवढे गुण आपल्या पोरांना मिळाले असते तर पेढे वाटले असते. शहर सोडून जा असं मी म्हणत नाही, मी स्वतः इथेच राहते. पण एकाच शहरात गल्लीगल्लीची हवा वेगळी असते. डिसेंबरात, सकाळी सहाला आईंना घेऊन त्या अंगणात तासभर बसा. मालक हो म्हणाले तर पांढरं ओलं फडकं रात्रभर दोरीवर टाकून ठेवा आणि सकाळी घडी न करता बघा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण पुसून बोट बघा, कडुलिंबाची खालची पानं बघा. कोळशाच्या ट्रकचा रस्ता किंवा रेल्वेची सायडिंग हाकेच्या अंतरावर असेल, तर ज्या अंगणासाठी घर घेताय त्याच अंगणाची दारं-खिडक्या आईंसाठी बंद ठेवाव्या लागतील. शिवाय सुट्या घराच्या चारी भिंती तापतात. मे महिन्यात ४७-४८ अंश म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कूलर लावायला सावलीतली खिडकी आहे का, आणि कडुलिंब पश्चिमेला आहे का? असेल तर त्या झाडाचे मी वेगळे पैसे देईन.

इतकं सगळं ठीक निघालं तर किंमत. तुम्ही लिहिलं नाही, पण तिथे शेजारचा रिकामा प्लॉट कितीला गेला ते काढा. समजा फुटाला १,८०० रुपये. म्हणजे जमिनीचे ३२ लाख ४० हजार. १,१०० फूट बांधकाम आज साधेपणाने १,८०० रुपये फुटाने करायचं म्हटलं तर १९ लाख ८० हजार. पण अशा घराचं आयुष्य आम्ही साठ वर्षं धरतो, त्यातली एकतीस संपली. उरते साधारण साडेनऊ लाख. बेरीज ४२ लाखांच्या आसपास. ५८ कुठून आले? मालकांनी त्यात पोरांचं बालपण मिळवलंय. मिळवू द्या, माणूस आहे. पण ते पैसे तुम्ही का द्यायचे? त्यांची मुलं परत येणार नाहीत आणि कुलूपबंद घर इथल्या धुळीत वर्षभरात म्हातारं होतं, हे त्यांनाही कळतं. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

एक मात्र मनात स्पष्ट असू द्या. हे घर पंधरा वर्षांनी दुपटीने विकायचं म्हणून घेऊ नका. इथे घराला गिऱ्हाईक येतं ते खाण, वीज केंद्र किंवा कारखान्याच्या पगारावर. जवळची खाण बंद पडली की तिथल्या घराला विचारणारा कोणी राहत नाही. राहायला घ्या, आणि वहिनींच्या एकट्या नावावर घेता आलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचेल. कागदांत मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च, मंजूर लेआउट, आणि जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, तर नाही ना, एवढं वकिलाकडून बघून घ्या.

प्रश्न : भद्रावतीजवळच्या एका गावात रस्त्याला लागून १० गुंठे जमीन फार स्वस्तात मिळते आहे. तिथे बंगला बांधायचा विचार आहे. जमीन आदिवासी कुटुंबाची आहे, मी आदिवासी नाही. मधला माणूस म्हणतो, स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र करू, परवानगी मागाहून निघते.

उत्तर : स्वस्त का आहे, ते तुमच्याच पत्रात आलंय. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. ती परवानगी आधी लागते, मागाहून नाही. संमतीपत्राने काही होत नाही. बंगला बांधून झाल्यावरसुद्धा जमीन मूळ कुटुंबाला परत जाऊ शकते, आणि ते योग्यच आहे. दुसरं म्हणजे, त्या पट्ट्यात कोळसा आहे. गावचा सर्व्हे नंबर १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखालच्या राजपत्रात आलाय का ते बघा. कलम ४ म्हणजे शोध घेण्याचा इरादा, कलम ७ म्हणजे संपादनाचा इरादा, आणि ९ ची घोषणा निघाली की जमीन केंद्र सरकारची. मधल्या माणसाला हे तीन आकडे विचारा. फोन त्यानेच ठेवला तर तुमचा पेट्रोलचा खर्च वाचला.