टक्के सांगितले, पण शंभरात किती?

वाचकांचे प्रश्न : स्तनाचा कर्करोग आणि त्याचे जोखीम घटक

प्रश्न : वय ५१. पाळी जाता जाता अंगातून वाफा निघतात, रात्र रात्र डोळा लागत नाही. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं की त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या २६ जणींना होतो का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, ताई. २६ टक्के ही वाढ आहे. मुळात किती होतं ते सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. तो अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतून आला आहे. तिच्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र असलेली गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला. औषध नसलेल्या गटात वर्षाला दहा हजारांत ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. तिसाचे अडतीस झाले, ती २६ टक्के वाढ. माणसांत मोजली तर दहा हजारांत आठ.

म्हणून धोका नगण्य आहे, असंही नाही. २०१९ मध्ये ५८ अभ्यासांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला गेला. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन घेतले, तर ५० ते ६९ या वयात शंभरातल्या ६.३ ऐवजी ८.३ जणींना कर्करोग होतो. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या दर पन्नास जणींमागे एक जास्त. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर दर दोनशेंमागे एक. हे आकडे पाश्चात्त्य देशांचे आहेत. आपल्याकडे मुळातलं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच टक्केवारीने वाढणाऱ्या जणीही कमी.

नुसतं इस्ट्रोजेन हवं म्हणून मागता येत नाही. गर्भपिशवी असेल तर त्याने तिचं अस्तर वाढतं आणि तिथल्या कर्करोगाचा धोका निर्माण होतो. म्हणून ते पिशवी काढलेल्यांनाच देतात. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा आणि विचारा : पिशवी आहे की काढली आहे, गोळ्या किती काळ घ्यायच्या, आणि आई-बहिणीला हा आजार होता का. वर्षभराच्या आत थांबवलेल्या गोळ्यांनी धोका फारसा वाढलेला दिसला नाही.

प्रश्न : लग्नानंतर दोन वर्षांनी गर्भपात करून घ्यावा लागला होता. आता स्तनात गाठ निघाली, कर्करोग आहे. सासरी म्हणतात, ‘त्याचंच फळ’. हे खरं आहे का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : खरं नाही. घरात हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा.

२००४ मध्ये १६ देशांतले ५३ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत स्तनाचा कर्करोग झालेल्या ८३,००० स्त्रिया होत्या. ज्या अभ्यासांत गर्भपाताची नोंद आजाराच्या आधीच झाली होती, त्यांत धोका वाढलेला नव्हता. आजार झाल्यावर मागचं विचारलं, अशा अभ्यासांत मात्र थोडी वाढ दिसली. बाई तीच, आजार तोच, मग हा फरक का? कर्करोग झालेली बाई ‘मलाच का’ म्हणून आयुष्याचं पान न् पान उलटून बसलेली असते. ती खरं ते सगळं सांगते. निरोगी बाईच्या दारात कोणी वही घेऊन आलं आणि सासू पडवीत बसलेली असली, तर ती ‘नाही’ म्हणून मोकळी होते. आकडा फुगतो तो या न सांगितलेल्या उत्तरांमुळे.

तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. आता सगळं लक्ष उपचार वेळेवर पूर्ण होण्याकडे द्या.

प्रश्न : एम.पी.एच.च्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) प्रबंधासाठी स्तनाच्या कर्करोगावर केस-कंट्रोल अभ्यास करायचा आहे. शंभर रुग्ण, शंभर कंट्रोल असा विचार आहे. कंट्रोल कोणाला घ्यावं? माहिती गोळा करताना काय चुकतं?
(विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : केस-कंट्रोल म्हणजे आजार झालेल्या (केस) आणि न झालेल्या (कंट्रोल) स्त्रियांच्या मागच्या आयुष्याची तुलना. डॉक्टर जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये ५०० रुग्ण आणि ५०० निरोगी स्त्रिया घेऊन हाच आराखडा वापरला होता. उशिरा मूल होणं, कमी मुलं असणं हे धागे त्यांना तेव्हाच सापडले.

आधी संख्या पाहा. एखादा घटक कंट्रोलमधल्या दर पाच जणींत एकीला असेल आणि त्याने धोका दुप्पट होत असेल, तर तो फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साधारण १७० जणी लागतात. प्रत्येक रुग्णामागे दोन कंट्रोल घेतल्या तर १३० च्या आसपास रुग्ण पुरतात. शंभर-शंभरमध्ये ‘संबंध आढळला नाही’ असं निघालं, तर संबंध नव्हता की माणसं कमी पडली, हे कळणार नाही.

रुग्ण नवे घ्या. निदान सहा महिन्यांच्या आतलं आणि पॅथॉलॉजीचा अहवाल हातात असलेला हवा. पाच वर्षं उपचार घेणाऱ्या बायका घेतल्या, तर तुम्ही आजार कशाने होतो ते पाहत नाही, त्यातून कोण वाचतं ते पाहता.

कंट्रोल निवडताना एकच प्रश्न विचारा : या बाईला उद्या हा आजार झाला, तर ती याच रुग्णालयात आली असती का? स्त्रीरोग विभागातून घेऊ नका. पाळी, मूल होणं, हार्मोन हेच तुमचे घटक आहेत आणि तिथे ते आधीच बिघडलेले असतात. रुग्णाबरोबर आलेली बहीण सहज मिळते, पण आई एक, घर एक, खाणंपिणं एक. जो फरक शोधायचा तोच पुसला जातो. इतर आजारांच्या रुग्णांना भेटायला आलेल्या बायका त्यापेक्षा बऱ्या. वय पाच वर्षांच्या आत जुळवा. गाव मात्र जुळवू नका, नाहीतर खेडं-शहर हा फरक तुम्हाला पाहताच येणार नाही.

प्रश्नावलीत सर्वांत मोठी चूक ‘मुलं किती?’ या प्रश्नाने होते. उत्तरात हयात मुलंच येतात, कधी कधी तर नुसते मुलगे. ‘किती वेळा दिवस राहिले?’ असं विचारून प्रत्येक वेळेचं वेगळं लिहा : काय झालं, तेव्हा वय काय, अंगावर किती महिने पाजलं. महिने आठवत नसतील तर ‘पोर चालायला लागलं तेव्हा पीत होतं का? धाकट्याचे दिवस राहिले तेव्हा?’ असं विचारा. पहिल्या पाळीचं वय आठवत नसेल तर ‘तेव्हा कितवीत होता?’ आणि शाळेत गेली नसेल तर ‘लग्नाच्या किती वर्षं आधी?’ असं विचारा.

कंबर केमोथेरपी सुरू होण्याआधीच मोजा, नंतर वजन वरखाली होतं. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. परकराची नाडी नेमकी तिथेच काचते. ती सैल करायला लावा, नाहीतर दोन-तीन सेंटिमीटर सहज चुकतात. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

दोन्ही गटांना प्रश्न विचारणारी व्यक्ती एकच असू द्या आणि वेळही सारखाच द्या. रुग्णापाशी चाळीस मिनिटं आणि कंट्रोलपाशी दहा, असं झालं की रुग्णाकडूनच जास्त गोष्टी उकरून निघतात.

प्रश्न : आमच्याकडे हा आजार शहरापेक्षा कमी म्हणतात. खरंच कमी की नोंदच होत नाही?
(एक वाचक, परांडा)

उत्तर : शंका रास्त आहे, पण तुमच्याच तालुक्यात तिचं उत्तर आहे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत चालते. खेड्यातली बाई रुग्णालयात येईलच असं नाही, म्हणून नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव जाऊन रुग्ण शोधतात. एवढं करूनही, वयातला फरक वजा केल्यावर, तिथलं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहून कमी भरतं. म्हणजे ते खरोखर कमी आहे. पहिलं मूल लवकर, मुलं जास्त, अंगावर पाजणं लांबलेलं, शेतातली कामं, वजन बेताचं : या सगळ्याचा वाटा त्यात आहे.

यातल्या दोन घटकांचा मोजलेला आकडा आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या २००२ मधल्या एकत्रित हिशेबात दर बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी दिसला. यावरून कोणी मुलींची लग्नं लवकर लावू नयेत. लहान वयातल्या बाळंतपणाचे धोके याहून कितीतरी मोठे आहेत. झालेल्या बाळाला भरपूर पाजता येईल, एवढी सवड बाईला मिळावी.

प्रश्न : डिओडरंटने होतो का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : तसा पुरावा नाही. सिअॅटल भागात ८१३ रुग्ण आणि ७९३ निरोगी स्त्रियांना डिओडरंट, घाम रोखणारी उत्पादनं आणि काखेतले केस काढण्याच्या सवयी विचारल्या. २००२ मध्ये निष्कर्ष आला : संबंध नाही.

प्रश्न : आमच्या घराण्यात कोणालाच नाही. मग तपासणी कशाला?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : स्तनाचा कर्करोग होणाऱ्या दर नऊ जणींपैकी आठ जणींच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला तो झालेला नसतो. ५२ अभ्यासांच्या एकत्रित माहितीतून २००१ मध्ये हे स्पष्ट झालं. घराण्यात नसणं ही सूट नव्हे.

तपासणीला मोठं यंत्र लागतंच असं नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. वीस वर्षांनी पाहिलं तर पन्नाशीपुढच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीखाली तसा फायदा दिसला नाही.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर तीन-चार दिवसांनी जा, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात आणि गाठ हाताला नीट लागते. दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा तपासल्या गेल्या पाहिजेत. एकच बाजू पाहून ‘ठीक आहे’ म्हणाले तर दुसरीही पाहायला सांगा. मधल्या काळात टणक गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड नव्याने आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. अशी गाठ बहुतेकदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच बायका थांबतात.