वकीलपत्र घेण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. झोप लागत नाही, डोक्यात तारखा फिरतात, हे तर आहेच. पण 'अशिलाचा फोन वाजला तरी राग येतो' ही शेवटची ओळ वाचून काळजी वाटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी कडवटपणा येणं आणि हातून काम नीट होत नाही असं वाटणं. तुझा राग त्यातल्या दुसऱ्यात बसतो. तो स्वभावदोष मानू नकोस.

वेळापत्रक कसं आखू, असं विचारलंस. खरं सांगू? वकिलाचा वेळ वकीलपत्र घेतानाच खर्च होऊन जातो. एका सहीत पुढची काही वर्षं बांधली जातात, आणि मग पहाटे चारला उठूनही ती सुटत नाहीत. सुरुवातीच्या काळात मी आलेलं एकही काम परत पाठवलं नाही. पुढे एका अपिलाची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा ती फाइल आठवली. अपील वेळेत दाखल झालं, पण घाईत लिहिलेल्या मसुद्यातून एक महत्त्वाचा मुद्दा सुटला. माझ्यावर विसंबून असलेल्या माणसाला त्याची झळ बसली. ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून नवं काम आलं की होकार दुसऱ्या दिवशी दे. मधल्या वेळात डायरी उघड. ही कागदपत्रं मी नेमकी कुठल्या दिवशी वाचणार? एखादी उलटतपासणी सलग तीन दिवस चालली तर बाकीचं कोण बघणार? उत्तर सापडलं नाही तर नम्रपणे नकार दे आणि मुदत जवळ असेल तर ती अशिलाला लेखी कळव.

डायरीत प्रत्येक मुदतीच्या तीन नोंदी कर: शेवटची तारीख, तिच्या पंधरा दिवस आधीची आणि मसुदा लिहायला बसायची. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ती पाळलीस तर पहिलीची भीती उरत नाही. हीच नोंद ऑफिसात आणखी एकाकडे असू दे.

फोनचं म्हणशील, तर बहुतेकांना एवढंच हवं असतं की आज काय झालं. सुनावणी संपली की त्याच दिवशी दोन ओळी पाठव, तारीख पुढे गेली असली तरी. शिवाय उलट फोन करायची एक वेळ ठरव आणि पहिल्याच भेटीत ती सांग. अटक किंवा तातडीचा मनाई हुकूम असेल तर गोष्ट वेगळी.

झोपेचं मात्र डॉक्टरांना दाखव. अमेरिकेतल्या १२,८२५ वकिलांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली होती. आपल्या पेशात हे बोलायची लाज वाटते, म्हणून मी आधी बोलतो: मीही उपचार घेतले आहेत.

शनिवारी चालू फायलींची यादी घेऊन ये. कुठलं काम दुसऱ्या वकिलाकडे देता येईल ते दोघं बसून बघू. अशिलाला पुरेशी आगाऊ सूचना, सगळे कागद आणि न वापरलेली फी परत, एवढं सांभाळावं लागेल. ती पत्रं लिहायला मी मदत करेन.

तुझा,
सर