बॉक्सर बंड हा चिनी शेतकऱ्यांचा स्वातंत्र्यलढा होता, की नुसता अंधश्रद्धेचा उद्रेक?

या दोन्हींतलं एकच निवडायचं म्हटलं तर बंड समजणार नाही. एम.ए.ला आधुनिक चीन शिकताना मीही १९०० मधल्या पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) वेढ्यापासून वाचायला घेतलं होतं आणि काही केल्या धागा लागत नव्हता. लियुआनतुन नावाच्या खेड्याबद्दल वाचलं, तेव्हा कुठे तो लागला. म्हणून तिथूनच सांगते.

उत्तर चीनमधल्या शांतुंग आणि चिली (आजचा हपेई) या प्रांतांच्या सीमेवरचं हे गाव. गावात स्वर्गाच्या राजाचं, म्हणजे जेड सम्राटाचं, देऊळ होतं. १८६९ मध्ये देवस्थानच्या जमिनीची वाटणी झाली आणि देवळाची जागा गावातल्या ख्रिस्ती घरांच्या वाट्याला आली. त्यांनी ती पाद्र्यांना दिली. तिथे चर्च बांधायला काढलं आणि भांडण पेटलं ते जवळजवळ तीस वर्षं धुमसत राहिलं. चर्च उभं राहायचं, गावकरी ते पाडायचे, मग खटले. पाद्र्यांच्या मागे परदेशी वकिलात होती, त्यामुळे वरून दाब आला की जिल्ह्याचा अधिकारी नमायचा. गावकऱ्यांच्या मागे कोणीच नव्हतं. शेवटी त्यांनी चाओ सानतुओ या वस्तादाला हाक मारली. मुष्टिविद्या शिकवणारा, बरेच शिष्य असलेला माणूस. त्याच्या परंपरेतल्या इतर वस्तादांना सरकारशी वैर नको होतं, तेव्हा त्याने आपल्या माणसांना वेगळं नाव दिलं: यिहेछ्वान, म्हणजे 'न्याय आणि एकोप्याची मूठ'. याच मुठी चालवणाऱ्यांना इंग्रज पुढे 'बॉक्सर' म्हणू लागले.

अंधश्रद्धेचा भाग आला तो शांतुंगच्या वायव्येकडून. तिथे ऑगस्ट १८९८ मध्ये पीत नदी फुटली, गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि पाठोपाठ पाऊसच पडेना. (१८९९-१९०० हीच वर्षं आपल्याकडे गुजरात, खानदेशातही दुष्काळाची.) पेरणी नाही म्हणून रिकामी बसलेली तरणी पोरं गावोगाव जमू लागली आणि त्यांच्या अंगात यायला लागलं. येणारे देव जत्रेतल्या नाटकांतले, सगळ्यांच्या ओळखीचे: युद्धदेव क्वान कुंग, वानरराजा सुन वूखुंग. देव अंगात असताना गोळी लागत नाही, अशी श्रद्धा. चर्चने आभाळ अडवलंय म्हणून पाऊस नाही, अशी पत्रकं भिंतींवर लागली. ज्याच्या शेतात ढेकळं तडकली आहेत त्याला हे खोटं वाटायचं काहीच कारण नव्हतं.

पण एक गोष्ट मला फार बोचते. 'परदेशी संपवा' असा नारा असलेल्या या बंडात मारले गेलेले बहुतेक लोक परदेशी नव्हते. ते हजारो चिनी ख्रिस्ती होते, बायकामुलांसकट, अनेकदा शेजारच्याच गल्लीतले. याला स्वातंत्र्यलढा म्हणताना माझी जीभ अडखळते.

पुढचं तुम्ही वाचलं असेलच. विधवा सम्राज्ञी त्सशीने बंडवाल्यांची बाजू घेतली, २० जून १९०० पासून पेकिंगच्या वकिलातींना ५५ दिवस वेढा पडला आणि आठ देशांच्या फौजा चालून आल्या. इंग्रजांच्या फौजेत बहुतांश आपलेच हिंदी शिपाई होते. त्यांतल्या ७ व्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंहांनी परतल्यावर हिंदीत सगळं लिहून ठेवलं. जळलेली गावं पाहून त्यांना चिन्यांची कणव आली. ज्यांच्याशी लढायला आणलं तेच त्यांना आपले, एका धर्माचे भाऊबंद वाटले. वेढा उठल्यावर या फौजांनी जी लूट आणि कत्तल केली, तिला 'शिक्षा' म्हणणं मला मान्य नाही.

सप्टेंबर १९०१ च्या तहात चीनवर ४५ कोटी टेल (टेल हे चांदीचं चिनी वजन) चांदीचा दंड बसला, ३९ वर्षांत व्याजासह फेडायचा. हा पैसा शेवटी शेतकऱ्याच्याच कनवटीतून निघणार होता.

स्वातंत्र्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. १८९८ मध्ये चाओ सानतुओच्या लोकांचा नारा होता, 'छिंग राजवटीला साथ द्या, परदेश्यांना संपवा'. राजा त्यांना आपला वाटत होता. १९०२ मध्ये चिलीतल्या क्वांगत्सुंगला या भरपाईच्या वसुलीविरुद्ध शेतकरी उठले, तेव्हा म्हातारा चाओ त्यांना जाऊन मिळाला. त्या वर्षीच तो पकडला गेला आणि तुरुंगात मेला. या वेळी निशाणावरचे शब्द होते, 'छिंगला झाडून काढा, परदेश्यांना संपवा'.