ब्लेझर घेऊ की साडी नेसू?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. यंदा बी.कॉम. झाले. पुढच्या आठवड्यात बीकेसीमधल्या एका फायनान्स कंपनीत सकाळी साडेदहाला मुलाखत आहे. मेलमध्ये फक्त ‘फॉर्मल्स’ घालून या, एवढंच लिहिलंय. आई म्हणते साडी नेस, पोक्त दिसशील. मैत्रीण म्हणते ब्लेझर-पँटच हवी, त्याला 4,000 रुपये लागतील. मी पँट-शर्ट कधी घातलेलाच नाही. कॉलेजला कुर्ता-सलवारच घालायचे. ते चालेल का? आणि आजीने दिलेली चांदीची अंगठी बोटात आहे, ती काढावी लागेल का?

उत्तर : चालेल, अगदी बिनधास्त चालेल. आपल्याकडच्या बँका, विमा कंपन्या, फायनान्सवाले मुलींच्या बाबतीत ‘फॉर्मल्स’मध्ये कुर्ता-सलवार धरतातच. तरी मनात किंतु असेल तर ज्यांनी मेल पाठवला त्यांना दोन ओळींचं उत्तर टाक : ‘मी कुर्ता-सलवार घालून आले तर चालेल ना?’ असं विचारल्याने कोणाची नोकरी गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. 4,000 रुपये मात्र आत्ता खर्च करू नकोस. पहिला पगार झाला की ब्लेझर घे, हौसेने घे.

साडीबद्दल आईशी वाद घालू नकोस, माझी गोष्ट सांग. 1994 साली मी फोर्टमधल्या एका कंपनीत पहिल्या मुलाखतीला गेले ती आईची सिल्कची साडी नेसून. मला साडीची सवय नव्हती. बसमधून उतरताना मागच्या कोणाचा तरी पाय काठावर पडला आणि निऱ्यांची पिन सुटली. पुढची वीस मिनिटं मी डाव्या हाताने पोटाशी निऱ्या धरून उत्तरं देत होते. समोरच्यांनी काय विचारलं ते आज आठवत नाही, निऱ्या आठवतात. जिला रोज साडीची सवय आहे तिने खुशाल नेसावी, ती त्यात धावत लोकलही पकडते. तू पकडू शकशील का, एवढंच बघ.

कपडे निवडायची माझी पद्धत हीच आहे. एकदा अंगावर घातले की दिवसभर त्यांची आठवण व्हायला नको. तुझ्या बाबतीत तो दिवस डोंबिवलीपासून सुरू होतो आणि महिना जुलैचा आहे, म्हणून आधी प्रवासाचा विचार करू.

शुद्ध सुती, कडक इस्त्रीचा कुर्ता घरातून निघताना झकास दिसतो आणि लेडीज डब्यात कुर्ला येईपर्यंत त्याचं फडकं होतं. टेरिकॉट किंवा तसं मिश्र कापड घे. ते कमी चुरगळतं आणि भिजलं तरी लवकर वाळतं. पांढरा आणि फिका रंग नको, ओला झाला की आरपार दिसतो. गडद निळा, बाटली हिरवा, मरून, यातलं काहीही. सलवार किंवा पँटही गडदच. पावसात चप्पल घालून चाललं की टाचेमागून चिखल उडतो आणि पोटरीवर शिंतोड्यांची नक्षी उमटते. ती आपल्याला दिसत नाही, पण केबिनमधून बाहेर पडताना आतल्या सगळ्यांना दिसते. मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे, म्हणून सांगते.

तेव्हा पावसाळी सँडल घालून नीघ आणि बंद बूट पिशवीत ठेव. नवे घेतले असशील तर चार दिवस घरात घालून फीर, नाहीतर नेमके त्या दिवशी चावतील. जुने असले तरी पॉलिश केलेले बूट चालतात. सोबत एक छोटा नॅपकिन, चार सेफ्टी पिना, छत्रीसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि कागदपत्रांसाठी चेनवाला फोल्डर. घडी केलेला एक जादा कुर्ताही घे. आईला हे जरा अति वाटेल, वाटू दे.

जमलं तर डोंबिवलीहून सुटणारी लोकल पकड. स्लो असली तरी बसायला मिळण्याची आशा असते आणि बसलेल्या माणसाची इस्त्री टिकते. कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बस किंवा शेअर रिक्षा. पावसात तिथे रांग लागते हे धरून चाल. बीकेसीतल्या इमारतींत खाली सुरक्षा काउंटरवर नाव नोंदवून, ओळखपत्र दाखवून, पास घेऊन मगच वर सोडतात. म्हणजे दहाला तू लॉबीत हवीस. बूट बदलणं, केस नीट करणं, सगळं तिथल्या वॉशरूममध्ये. वरच्या मजल्यावर रिसेप्शनसमोर सोफ्यावर बसून पिशवी उघडायची नाही.

आणखी एक गोष्ट पोरी हमखास विसरतात, ती म्हणजे एसी. ओल्या बाह्यांनी त्या गारठ्यात अर्धा तास बसलं की दात वाजतात आणि समोरच्याला वाटतं घाबरली आहे. पातळ, साधा स्टोल जवळ ठेव. ओढणी घेणार असशील तर दोन्ही खांद्यांवर पिन लाव, म्हणजे बोलताना सावरत बसावी लागणार नाही.

बाकीचं पटकन. टिकली लावत असशील तर लाव. काचेच्या बांगड्या टेबलावर वाजतात, त्या घरी ठेव. अर्धवट उडालेलं नेलपॉलिश पूर्ण काढून टाक. अत्तर, सेंट काही नको, बंद केबिनमध्ये तीन माणसं असतात. मैत्रिणीचा ब्लेझर उसना मिळत असेल तर आधी खांद्याची शिवण बघ. ती खांद्याच्या हाडाच्या खाली ओघळत असेल तर परत कर. कोणी नवा दिला तर बाहीवरचं कंपनीचं लेबल उसवून टाक. ते टाचलेलं असतं विक्रीपुरतं, पण कितीतरी मुलं ते मिरवत येतात.

पूर्ण जामानिमा करून रविवारी एकदा घरात खुर्चीवर अर्धा तास बस. कुर्त्याची बाजूची चीर बसल्यावर कुठवर जाते, खांदा कुठे काचतो, ते आरशासमोर उभं राहून कळत नाही.

अंगठी घट्ट बसत असेल तर राहू दे. सैल असेल तर त्या दिवशी आजीकडेच ठेवायला दे, नाहीतर प्रश्न अवघड आला की ती बोटात फिरवत बसशील.