६२ हजारांचं ऑटोमेशन, की ६ हजारांचं मोजमाप?

प्रश्न: जुळे सोलापुरात आमचं स्वतःचं रो-हाऊस आहे, घरात पाच माणसं. विजेचा वापर वर्षाच्या सरासरीने महिन्याला ३४० युनिट. एप्रिल-मेमध्ये ४८० पर्यंत जातो. स्मार्ट मीटर बसलेला आहे. एका विक्रेत्याने ६२,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. त्यात १० स्विचबोर्डांत स्मार्ट मॉड्यूल, मोबाइलवर वापराचा डॅशबोर्ड, आणि ‘मीटरचा डेटा थेट तुमच्या सिस्टिमला जोडून देतो’ असं आश्वासन. बिल ३० टक्क्यांनी उतरेल म्हणतो. हप्ता १८ महिने, ३,४४४ रुपये, विनाव्याज. डॅशबोर्डचं वर्गणीशुल्क वर्षाला १,८००. पगार हातात ५८,०००, घरखर्च ४२,०००, बचत खात्यात ४५,०००. टोकन म्हणून ५,००० दिलेत. घेऊ का?

उत्तर: हे कोटेशन घेऊ नका. पण घरात वीज नेमकी कुठे जाते हे कळावं, ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे आणि ती सहा हजारांत पुरी होते. उरलेल्या ५६ हजारांना तुमच्याच घरात याहून कितीतरी चांगली कामं आहेत.

आधी विक्रेत्याचा दावा शब्दशः खरा धरून बघू. ३४० चे ३० टक्के म्हणजे १०२ युनिट. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत, आणि बचत नेहमी वरच्या टप्प्यातून सुरू होते. ऊर्जा आकार, वहन आकार आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क मिळून दुसऱ्या टप्प्यातलं युनिट साधारण १३ रुपयांना आणि तिसऱ्यातलं साधारण १७ ला पडतं. (दर बदलतात, तेव्हा ताज्या बिलावरूनच हिशोब करा.) म्हणजे वरचे ४० युनिट १७ ने आणि खालचे ६२ युनिट १३ ने, एकूण महिन्याला सुमारे १,५०० रुपये. एवढी बचत पहिल्या महिन्यापासून झाली तरी ६२,००० वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागतात. वर्गणी धरली तर आणखी पुढे.

आता तो दावा तपासू. स्मार्ट स्विच काय करतो? विसरलेला दिवा बंद करतो. ९ वॅटचे ५ एलईडी दिवे रोज ४ तास उगाच जळत राहिले, तर महिन्याला ५.४ युनिट जातात. दुसऱ्या बाजूला प्रत्येक स्मार्ट मॉड्यूल वाय-फायवर जागं राहायला अंदाजे १ वॅट चोवीस तास खातं. १० मॉड्यूल म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. दिव्यांपुरतं बोलायचं तर वाचवण्यापेक्षा खर्चच जास्त. सोय म्हणून, घरातल्या वृद्धांसाठी म्हणून कुणी हे घेतलं तर माझी हरकत नाही, पण मग तो सोयीचा खर्च समजून घ्यावा. बचत म्हणून नव्हे.

दिवसा वापर ढकलून टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा दर) सवलत मिळवू, असंही काही विक्रेते सांगतात. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांच्या आसपास सवलत धरा. हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी १ एचपीची मोटर रोज ४० मिनिटं चालली तर महिन्याला २० युनिट लागतात. ती संध्याकाळऐवजी दुपारी लावली की १६ रुपये वाचतात. जरूर लावा, पण त्यासाठी ऑटोमेशन नको, भिंतीवरचं घड्याळ पुरे.

मीटरचा डेटा ‘थेट जोडून देतो’ हे आश्वासन जरा सविस्तर समजून घ्या. ग्राहकाला आपला वापर कळला पाहिजे हे नियमांतच आहे: वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार स्मार्ट मीटर दिवसातून किमान एकदा दूरून वाचला गेला पाहिजे आणि तो वापर ग्राहकाला संकेतस्थळ, ॲप किंवा एसएमएसने दिसला पाहिजे. महावितरणच्या ॲपमध्ये १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून तो बघता येतो. फुकट आहे, आजच सुरू करा. मात्र हा आकडा डोळ्यांनी बघण्यासाठी आहे. घरातल्या सिस्टिमने तो दर मिनिटाला उचलावा अशी सार्वजनिक जोडणी नाही. मीटरच्या तोंडावर जो गोल ऑप्टिकल पोर्ट असतो, तो कंपनीच्या माणसांसाठी पासवर्डने बंद केलेला असतो. म्हणजे विक्रेता एकतर तुमच्या ॲपचा पासवर्ड मागणार, किंवा स्वतःचा सेन्सर लावून त्यालाच ‘मीटरचा डेटा’ म्हणणार. पासवर्ड देऊ नका. आणि कुणालाही मीटरच्या सीलला हात लावू देऊ नका. सील तुटलेलं सापडलं तर प्रकरण वीज कायदा २००३ च्या कलम १३५ पर्यंत, म्हणजे वीजचोरीपर्यंत जाऊ शकतं.

स्वतःचा डेटा मिळवायचे सरळ मार्ग दोन. पहिला, मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा. शेजारी ३२०० किंवा १६०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटमागे तितक्या लुकलुकी. ३२०० चा मीटर सेकंदाला एकदा लुकलुकला तर त्या क्षणी घराचा भार १,१२५ वॅट. ३६,००,००० ला ३२०० आणि दोन लुकलुकींमधल्या सेकंदांच्या गुणाकाराने भागायचं, इतकंच गणित. झाकणाच्या काचेवर बाहेरून फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर) चिकटवून ईएसपी३२ या छोट्या वाय-फाय बोर्डाने हे मोजता येतं. या बोर्डाच्या ईएसपीहोम सॉफ्टवेअरमध्ये पल्स मीटर नावाचा घटक तयारच आहे. खर्च हजाराच्या आत. पण आपल्याकडे मीटरपेटी बहुधा बाहेरच्या भिंतीवर. दुपारचं ऊन सेन्सरवर पडलं की खोट्या लुकलुकी मोजल्या जातात, लोखंडी पेटीत वाय-फाय पोचत नाही, आणि मे महिन्यातल्या त्या पेटीत स्वस्त ॲडॉप्टर फार दिवस टिकत नाही.

म्हणून तुमच्यासाठी दुसरा मार्ग: मीटरनंतरच्या तुमच्या मालकीच्या डीबीत (वीजवाटपाच्या पेटीत), मेन एमसीबीच्या पुढे, सीटी, म्हणजे वायरीभोवती बसणारं आणि तिच्यातला प्रवाह मोजणारं कडं, लावून मोजणं. पीझेम-००४टी हे १०० अँपिअरच्या सीटीसह मिळणारं मॉड्यूल साधारण ९००, ईएसपी३२ बोर्ड ४५०, ५ व्होल्टचा बरा ॲडॉप्टर २५०, मॉड्यूलच्या व्होल्टेज जोडणीसाठी वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी आणि प्लॅस्टिक पेटी मिळून ५००, वायरमनची मजुरी ८००. सगळं २,९०० च्या घरात. सोल्डरिंग नको असेल तर सीटीसह तयार वाय-फाय मीटर साधारण ३,००० ला मिळतो. काम परवानाधारक वायरमनकडूनच आणि मेन बंद करूनच. पीझेमच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात.

यात नेहमीच्या चुका तीन. सीटीतून फेज आणि न्यूट्रल दोन्ही घातले तर आकडा शून्य येतो, कारण दोन्हींचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात. फक्त फेजची वायर घाला. क्लिपवाल्या सीटीचे दोन अर्धे नीट मिटले नाहीत तर आकडा कमी येतो. आणि होम असिस्टंट या घरातली स्मार्ट यंत्रं एकत्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एनर्जी पानावर वॅटचा सेन्सर जोडायला गेलं की तो यादीत दिसतच नाही. तिथे किलोवॅट-तासाचा, सतत चढत जाणारा आकडा लागतो. पीझेम तो स्वतः देतो. नुसते वॅट देणाऱ्या यंत्राला वॅटवरून किलोवॅट-तास काढणारा इंटिग्रेशनचा हेल्पर लावून त्यात ‘लेफ्ट’ पद्धत निवडावी लागते. बसवल्यावर ७ दिवस महावितरणच्या मीटरशी ताडून बघा. २-३ टक्क्यांचा फरक चालतो, १० टक्क्यांचा असेल तर जोडणी पुन्हा उघडा. होम असिस्टंट चालवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेतला तर तोही महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास खातो. वीज जाते-येते तेव्हा मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून तो आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. पहिले तीन महिने रास्पबेरी पाय नसला तरी चालेल, तयार मीटरचं ॲप पुरेल.

उरलेल्या ३,००० त ऊर्जा मोजणारे १६ अँपिअरचे दोन स्मार्ट प्लग घ्या आणि घरभर फिरवा. एकेका उपकरणाला सात दिवस.

सगळ्यात आधी पहाटे २ ते ४ चा आकडा बघा. घर झोपलेलं असताना, पंखे आणि एसीचे वॅट वजा करून १०० पेक्षा जास्त उरत असतील, तर पैसा तिथे गळतोय. सोलापुरात संशयित पहिला इन्व्हर्टर. जुनी झालेली ट्युब्युलर बॅटरी भरल्यावरही चार्जिंग ओढत राहते; ७० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ५० युनिट, तुमच्या वरच्या टप्प्यात साडेसहाशे ते साडेआठशे रुपये. बिलावर हे कधीच वेगळं दिसत नाही. दुसरा संशयित फ्रिज: रोज २ युनिटच्या वर जात असेल तर दाराचं रबर तपासा. गीझर मोजायची गरज नाही, २ किलोवॅटचा गीझर १५ मिनिटांत अर्धं युनिट घेतो, हे कागदावरच कळतं.

एसीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मोजमाप हाती आलं की मन तिकडेच धावेल. जुना दीड टनी एसी रात्रीत ९ युनिट घेत असेल आणि नवा पंचतारांकित इन्व्हर्टर एसी ५, तर ७५ रात्रींचे ३०० युनिट, म्हणजे वर्षाला ५,१०० रुपये. नवा एसी ४२,००० चा. आठ वर्षं लागतात. जुना बंद पडेपर्यंत बदलू नका.

पंख्यांचं गणित मात्र उलटं आहे. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० वॅट. चार पंखे रोज १४ तास म्हणजे महिन्याला ७५ युनिट कमी, रुपयांत हजाराच्या आसपास. आपल्याकडे वर्षातले नऊ महिने पंखे जोरात चालतात. १२,००० चा खर्च सव्वा-दीड वर्षात वसूल.

आणि इथून सगळ्यात मोठा प्रश्न सुरू होतो: सोलर. गच्ची तुमची आहे, ऊन भरपूर आहे. १ किलोवॅटमागे महिन्याला साधारण १२० युनिट धरा. आजच्या ३४० युनिटला ३ किलोवॅट लागतात. पंखे आणि बॅटरीचा बंदोबस्त करून वापर २५० च्या आसपास आणला तर २ किलोवॅटचा संच पुरतो. त्याचा खर्च साधारण सव्वा ते १.४ लाख, पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान २ किलोवॅटला ६०,०००. खिशातून जातात ६५ ते ८० हजार. म्हणजे जवळजवळ तुमच्या ऑटोमेशनच्या कोटेशनएवढेच पैसे, पण त्यात बिलाचा मोठा भाग जातो. म्हणून आधी गळती थांबवा, मग सोलरचा आकार ठरवा. क्रम उलटला तर मोठा संच बसतो आणि वाचवलेल्या युनिटची किंमत उरत नाही. आकारासाठी वेगळा सेन्सर लागत नाही, बिलावरचा मागच्या महिन्यांचा वापर पुरतो. सोलर बसल्यावर पीझेम कामाचा राहणार नाही, कारण वीज घरात येतेय की बाहेर जातेय हे त्याला कळत नाही. तेव्हा दोन्ही दिशा मोजणारा मीटर लागेल.

पैशांचा क्रम. तुमच्याकडे महिन्याला १६,००० उरतात आणि गाठीशी जेमतेम एका महिन्याचा खर्च आहे. पाच माणसांच्या घराला हे फार कमी आहे. एक दवाखाना झाला तर तो हप्ताही बोजा होईल. विनाव्याज हप्त्यात बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी, शिवाय रोखीची सूट जाते ती वेगळीच. या महिन्याच्या शिलकीतून ६,००० चं मोजमाप, पुढच्या महिन्यात पंखे. मग दरमहा १२,००० चं आवर्ती ठेव खातं, बचत १,७०,००० होईपर्यंत. साधारण अकरा महिने. सोलर त्यानंतर, तोवर वर्षभराचा आकडाही हाती असेल.

टोकनसाठी विक्रेत्याला लेखी विचारा: मीटरचा डेटा कोणत्या मार्गाने घेणार, तो कोणाच्या सर्व्हरवर राहणार, वर्गणी बंद केली तर डॅशबोर्ड चालेल का, आणि ३० टक्के बचत झाली नाही तर काय देणार. वापराच्या आकड्यांवरून घर रिकामं कधी असतं हेही कळतं, त्यामुळे सर्व्हरचा प्रश्न गौण समजू नका. समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही तर त्याच पत्राच्या आधारे ५,००० परत मागा. पावतीवर ‘परतावा नाही’ असं छापलेलं असेल तर त्या रकमेत चार बीएलडीसी पंख्यांपैकी जितके बसतील तितके द्या म्हणावं.